बाहेरच्या मीटर बॉक्सचं अर्थिंग

बाहेरचा पॅनल पत्र्याचा असेल तर त्याच्या बॉडीला आणि दाराला, दोन्हींना अर्थ वायर हवी. बिजागरीवर विसंबू नका. गंज चढला की तिथला संपर्क तुटतो. नट लावण्याआधी खालचा रंग खरवडा, नाहीतर वायर नुसती रंगावर टेकते.

अर्थिंगसाठी ४० मिमीचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप भिंतीपासून दीड मीटर दूर उभा गाडा. तोंडाशी चेंबर बांधा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालता येतं. अर्थिंगचा रेझिस्टन्स मे महिन्यात मोजून घ्या. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. ५ ओहमच्या आत असेल तर घरासाठी चांगलं.

पण तेवढ्यावर थांबू नका. फेजची वायर बॉक्सला टेकली, तर २३० व्होल्टला ५ ओहममधून जेमतेम ४६ अँपिअर वाहतात, त्याने ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लगेच पडत नाही आणि तोवर बॉक्स जिवंत राहतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवाच. काही वायरमन घरातली न्यूट्रल अर्थला जोडून देतात. हे अजिबात करू देऊ नका: बाहेरून येणारी न्यूट्रल तुटली तर बॉक्सच्या पत्र्यालाच करंट येतो.