मेणाच्या पाकिटावरचा आकडा

हिस्टोलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातल्या टिश्यूचे (ऊतींचे) मेणात बसवून पातळ काप काढतात तिथे, लागलो तेव्हा पॅराफिन म्हणजे मेण, वितळवा आणि ओता, एवढीच माझी समज होती. पाकिटावर ५६-५८ अंश असं छापलेलं होतं, तिकडे लक्ष दिलंच नाही. एकदा कामं तुंबली होती. मेण जास्त पातळ झालं तर टिश्यूत लवकर शिरेल, असं वाटून मी मेण वितळवायचा बाथ ६८ वर नेला आणि घरी गेलो. सकाळी ब्लॉक (टिश्यू बसवलेला मेणाचा ठोकळा) मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, लावला, तर सुईएवढ्या बायॉप्सीचा ब्लेडखाली भुगा. सीनियर ताईंनी ब्लॉककडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "बाथचं तापमान किती ठेवलं होतंस?"

पाकिटावरचा आकडा द्रवणांकाचा असतो. बाथ त्याच्या फक्त दोन-तीन अंश वर ठेवायचा. त्याहून तापवलं की टिश्यू आक्रसतो, कडक आणि ठिसूळ होतो, आणि मग काहीही करून तो मऊ होत नाही. बाथच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका. मेणात थर्मामीटर बुडवून बघा.

बहुतेक लॅबमध्ये ५४ ते ६० अंशांच्या दरम्यानचं मेण असतं. द्रवणांक जास्त तितकं मेण कडक, म्हणजे कठीण टिश्यूला आधार चांगला आणि सेक्शन (काप) पातळ निघतात, पण रिबन, म्हणजे एकामागोमाग चिकटलेल्या सेक्शनची पट्टी, जुळायला कुरकुर करते. मऊ मेणाची रिबन छान येते, मात्र खोली तापली की सेक्शन चुरगळून आखूड होतात. अशा वेळी मेणाला दोष देण्याआधी ब्लॉक बर्फावर ठेवून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. (उरलेल्या बऱ्याचशा बोथट ब्लेडच्या असतात.)

ब्लॉक मऊ आणि भुसभुशीत लागला, टिश्यूपाशी खड्डा पडत असला, तर झायलीन (मेणाच्या आधी टिश्यू ज्यात ठेवतात ते द्रावक) राहून गेलंय असं समजा. ते मेणात मिसळून त्याला नरम करतं. प्रोसेसरमधलं (टिश्यूत मेण मुरवणाऱ्या यंत्रातलं) मेण वेळच्या वेळी बदललं नाही तर हेच होतं.

एम्बेडिंगला, म्हणजे टिश्यू मेणात बसवून ब्लॉक करायला, बसलात की चिमटा गरम ठेवा. थंड चिमट्याने टिश्यू उचलला की त्याच्याभोवती मेणाची पांढरी साय धरते. वरून ओतलेलं मेण तिच्याशी एकजीव होत नाही आणि कापताना टिश्यू ब्लॉकमधून सुटून येतो. मोल्डच्या (साच्याच्या) तळाशी आधी मेणाचा पातळ थर घ्या, टिश्यू हलकेच दाबून बसवा, मग कॅसेट (टिश्यूची जाळीदार प्लास्टिकची डबी) ठेवून वरून मेण भरा आणि लगेच कोल्ड प्लेटवर सरकवा. सावकाश गार झालेल्या मेणात मोठे स्फटिक होतात.

सेक्शन सपाट व्हावेत म्हणून ते ज्यावर तरंगवतात ते पाणीही द्रवणांक बघूनच ठेवायचं, त्याच्या खाली पाच ते दहा अंश. माझं एकदा जास्त तापलं होतं. रिबन टेकताच पसरली आणि टिश्यूच्या चिंध्या पाण्यावर तरंगत राहिल्या.