पद्मिनीचे जुने इंजिन दमदार कसे बांधावे

प्रीमियर पद्मिनीचे इंजिन ताकदवान करायचे म्हटले की पहिला सल्ला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवण्याचा मिळतो. तो मला मान्य नाही. या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५ मिलिमीटर आहे. बोअर ६९ केला तरी क्षमता १०८९ वरून जेमतेम ११२२ सीसीपर्यंत जाते आणि एवढ्या तीन टक्क्यांसाठी सिलिंडरच्या भिंती पातळ होतात. झिजेपुरताच बोअर करावा आणि खरी मेहनत हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) घ्यावी.

नाशिककरांचे भाग्य असे की सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग अचूक मापात बनवणारे कारागीर आहेत. मात्र ब्लॉक मशिन शॉपला देण्याआधी नवे पिस्टन हातात असावेत, कारण बोअर प्रत्यक्ष पिस्टनच्या मापाने करायचा असतो. काम झाल्यावर प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, तोही दोन दिशांनी मोजून घ्यावा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी. वरच्या रिंगेला ती सुमारे ०.२७ मिलिमीटर असावी. क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्यावेत. हा खर्च टाळू नये.

आता हेड. व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवून हेड उलटे ठेवावे, चेंबरच्या (मिश्रण जळते त्या खोलगट भागाच्या) कडेला ग्रीसचा पातळ थर लावावा, त्यावर लहान भोक पाडलेली अॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी दाबून बसवावी आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या नळीतून) पातळ तेल थेंबथेंब सोडावे. भोकाखालचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की आकडा वाचावा. चारही चेंबरचे माप अर्ध्या सीसीच्या आत जुळेपर्यंत लहान चेंबर हलक्या हाताने मोठे करावेत. मूळ बोअरला एका सिलिंडरची क्षमता २७२ सीसी होते; कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) ८.५ ला १ हवे असेल, तर पिस्टन सर्वांत वर असताना गॅस्केटच्या जाडीसह उरणारी एकूण जागा ३६.३ सीसी असायला हवी. हेड किती घासायचे ते या हिशेबावरून ठरते, अंदाजावरून नाही. साध्या पेट्रोलवर याहून पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पोर्ट (हेडमधले हवा-धुराचे मार्ग) आरशासारखे चकचकीत करण्यात वेळ घालवू नये. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि पोर्ट यांची तोंडे एका रेषेत आणणे अधिक मोलाचे आहे. देशभर २००० सालापासून पेट्रोल शिसेविरहित असल्याने एक्झॉस्टच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) कडक धातूच्याच बसवाव्यात.

हेड घासल्यावर आणि विशेषतः कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याचा धोका असतो. पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिन ठेवून हेड कसावे, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि हेड उघडून प्लॅस्टिसिनची सर्वांत पातळ जागा मोजावी. इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर मिळाले पाहिजेत. नव्या कॅमबरोबर टॅपेटही (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) नवेच घालावेत आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर न ठेवता वीस मिनिटे २००० ते २५०० आरपीएमवर चालवावे. तेल जस्तयुक्त असावे.

कार्बुरेटरच्या जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचा) विचार नाशिकमध्ये वेगळा करावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथल्या विरळ हवेत बरोबर जुळवलेले मिश्रण मुंबईत उतरल्यावर पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोलही मिश्रण पातळ करते आणि जुने रबरी पाइप खाते, म्हणून ते पाइप आधी बदलावेत आणि जेट थोडा मोठाच ठेवावा. रनिंग-इन (नव्या बांधलेल्या इंजिनाची सुरुवातीची जपून चालवणी) पूर्ण झाल्यावर मुंबईहून परतताना कसारा घाट पूर्ण भारावर चढावा, वर पोहोचताच सुरक्षित जागी इंजिन बंद करावे आणि थंड झाल्यावर प्लग काढून पाहावेत. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर जुळणी योग्य आहे. पांढराफटक असून त्यावर अॅल्युमिनियमचे बारीक कण दिसले, तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन अंश मागे घेऊन जेट वाढवल्याशिवाय गाडी जोरात चालवू नये.