पटावर नसलेल्या लेकरांना जंताची गोळी कशी द्यावी

जंताची गोळी देणं सोपं आहे. चावून खायची, वर घोटभर पाणी, झालं. अवघड आहे ते लेकरू सापडणं.

मी मोहोळ तालुक्यात आशा म्हणून काम करते. गावात शाळा आहे, अंगणवाडी आहे, शिवेला पारध्यांची पालं आहेत. दिवाळी सरली की साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या उतरतात आणि उसाच्या कडेनं त्यांच्या कोप्या पडतात. जंतनाशक दिनाला पटावरची पोरं रांगेत गोळी खातात, आपला अहवाल झकास जातो. ज्यांच्या पोटात जंत असायची शक्यता जास्त, ती पोरं त्या वेळी फडाच्या बांधावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली असतात. म्हणून हे नव्या आशाताईंसाठी, आणि ज्यांच्या रानात टोळी उतरते त्या शेतकऱ्यांसाठीही.

दिवस साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. तारीख कधी पुढेमागे होते, त्या दिवशी राहिलेल्यांसाठी नंतर एक दिवस असतो. फेब्रुवारीत गाळप चालू असतं, म्हणजे टोळ्या आपल्याच शिवारात असतात. त्याच्या आधी निदान एक फेरी नुसती यादीसाठी मारा, गोळ्या न नेता. टोळी पहाटे काळोखात फडात जाते. दुपारी गेलात तर कोपीवर लेकरं आणि एखादी म्हातारी, आई-बाप नाहीतच. संध्याकाळी चूल पेटायच्या वेळेला जा, नाहीतर गाडी भरायची वाट बघत बसलेले असतात तेव्हा फडातच गाठा. मुकादमाला आधी सांगून ठेवा. त्याच्या कानावर न घालता कोपीवर गेलात तर बाया बोलत नाहीत.

पालावरची गोष्ट वेगळी. तिथं गेल्या गेल्या वही उघडून नावं लिहायला बसू नका. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. आपल्या सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट उभी केली, भोवती तारेचं कुंपण आणि रोजची हजेरी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण वही घेऊन आलेल्या माणसाबद्दलचा धसका घराघरात राहिला, आणि आजही जवळपास चोरी झाली की पहिली गाडी पालावरच येते. मी वजनकाटा नेते. काटा मांडला की पोरं आपसूक गोळा होतात, एकमेकांना ढकलत चढतात, आयापण हसत पुढं येतात. वजन घेता घेता नाव, वय, शाळेत जातंय का, सगळं कळतं. लिहायचं ते सगळ्यांसमोर लिहा आणि वाचून दाखवा.

एका आजीनं मला तोंडावर विचारलं होतं, "आमच्याच लेकरांना का गं गोळी? गावातल्यांना दिलीस का?" प्रश्न चुकीचा नाही. याचं उत्तर तयार पाहिजे: शाळेत सगळ्यांना दिली, माझ्या पोरीनंही खाल्ली. तुमच्या घरातल्या मुलानं खाल्लेली नसेल तर आधी ते करा.

आता गोळी. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, २ ते १९ वर्षांपर्यंत पूर्ण. वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. तीन वर्षांपर्यंतच्या लेकराला दोन चमच्यांत गोळी चुरून पाण्यात कालवून द्या. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या पोराच्या तोंडात गोळी कोंबू नका, घशात अडकते. आधी शांत होऊ द्या, नाही झालं तर उद्या या. मोठ्यांनी चावूनच खायची, गिळायची नाही. आणि गोळी तुमच्या डोळ्यांसमोर खाल्ली पाहिजे. "रात्री देते" म्हणून पदराला बांधलेली गोळी तिथंच राहते.

देण्याआधी विचारायचं: ताप आहे का, आजारी आहे का, दुसरं औषध चालू आहे का. असेल तर आज नको, बरं झाल्यावर. आणखी एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: पोराला कधी झटके आलेत का? डुकरं मोकळी फिरणाऱ्या वस्तीत हा प्रश्न चुकवायचा नाही. डुकराच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून हातावर, भाजीवर, पाण्यात येतात. ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊ शकतात, मटण न खाणाऱ्यालासुद्धा. अशा माणसाला गोळीनं तिथं सूज येऊन झटका येऊ शकतो. झटक्याचं कुणी सांगितलं तर गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टर. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत द्यायची नाही, नंतरचं नर्सताई ठरवतील.

गोळी खाल्ल्यावर थोडं पोट दुखतं, मळमळतं, एखाद्याला उलटी होते. पोटात जंत जास्त असले तर हे जास्त होतं. सावलीत झोपवा, पाणी पाजा. अर्धा-पाऊण तास तिथंच थांबा, लगेच गाडीला किक मारू नका, कारण तुम्ही गेल्यावर एक जरी उलटी झाली तरी पुढच्या खेपेला वस्ती दार लावून घेते. पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, संडास बंद झाली, तर वाट न बघता दवाखाना. आणि हे आधीच सांगून ठेवा की संडासात जंत दिसतील किंवा दिसणारही नाहीत. दिसले नाहीत म्हणजे गोळी खोटी असं नाही.

उसाच्या कोपीवर हमखास ऐकू येतं, "ऊस खाऊन खाऊन जंत झाले बघा ताई." पोरं दिवसभर कांडकं चघळत असतात, म्हणून गोडावर आळ. गोडानं जंत होत नाहीत. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत जातात आणि दोन-चार आठवड्यांत दुसऱ्याच्या पोटात शिरायला तयार होतात. खाली पडलेलं कांडकं पोर उचलतं आणि दातानं सोलतं, तेव्हा साखरेबरोबर ती मातीही पोटात जाते. तेव्हा ऊस बंद करा म्हणू नका, कुणी ऐकणार नाही. कांडकं धुऊन, आईनं कोयत्यानं सोलून द्यावं, एवढं सांगा. रात्री दात खाणं म्हणजे जंत, हेही तसंच. त्यावरून काही ठरत नाही.

आपला जिल्हा कोरडा. उघड्या तापलेल्या मुरमाड रानात ही अंडी-अळ्या फार तग धरत नाहीत. पण उजनीच्या पाण्यावरचा ऊस म्हणजे ओल आणि गार सावली, आणि आडोसा म्हणून माणूस बसतो तोही तिथंच. आकडी जंताला, म्हणजे हुकवर्मला, याहून चांगली जागा नाही. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, बोटांच्या बेचक्यात खाज उठते, मग ती आतड्याला चिकटून रक्त पिते. थकलेली, पापणीच्या आत पांढरीफटक, माती खाणारी पोरगी दिसली तर जंताच्या गोळीवर थांबू नका. उपकेंद्रात नेऊन रक्त तपासा आणि लोहाचं औषध सुरू करा: पाच वर्षांच्या आतल्यांना पातळ औषध, ५ ते ९ ला गुलाबी गोळी, १० ते १९ ला निळी. चप्पल घाला हे सगळेच सांगतात. मी शेतकऱ्याला सांगते की टोळी रानात उतरली की पोरांच्या चपलांचंही बघा. निदान फडात बसायला जाताना तरी पायात काहीतरी हवं.

कोपीला संडास नसतो, कारखान्यानं द्यावा हे खरं असलं तरी आज संध्याकाळचं काय? पाण्यापासून आणि चुलीपासून लांब खड्डा, आणि मांजरासारखं वर माती. लहान बाळाची शी निरुपद्रवी समजून कोपीमागं टाकतात, तीही खड्ड्यातच. साबण नसेल तर चुलीतल्या राखेनं हात धुवा. नखं मात्र मी स्वतः कापते, नेलकटर पिशवीत असतंच.

पाण्यात औषधाचे, म्हणजे क्लोरीनचे, थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, ते जुलाबाच्या बऱ्याच जंतूंसाठी ठीक आहे. गोल जंताची अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत, जिआर्डिया नावाचा जुलाबाचा जंतूही चिवट. कालव्याचं पाणी फडक्यानं गाळून उकळायचं. सगळ्यांसाठी उकळायला सरपण कुठून आणणार? पाच वर्षांच्या आतल्यांचं तेवढं उकळा, हेच मी सांगते. जमणारं एक सांगितलेलं बरं.

वावडिंगावरून म्हाताऱ्यांशी वाद घालत बसू नका. देतात तर देऊ दे, पण गोळीच्या बदल्यात नको. पळसाच्या बिया मात्र लहानग्यांना मनानं देऊ नका.

काही पोटं या एका गोळीनं बरी होत नाहीत. तेलकट, घाण वासाची पातळ संडास आठवडेच्या आठवडे चाललीय, आव-रक्त पडतंय, पांढऱ्या चपट्या पट्टीचे तुकडे दिसतायत, तर तपासणी हवी. रात्री गुदाशी खाज येत असेल तर सुतासारखे जंत असतात, त्यात घरातल्या सगळ्यांना औषध लागतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. नमुना कोरड्या स्वच्छ डबीत, शेंगदाण्याएवढा, लघवी आणि माती न लागू देता, होईल तितक्या लवकर प्राथमिक आरोग्य केंद्रात. एका नमुन्यात काही सापडलं नाही तर वेगवेगळ्या दिवशी आणखी दोन द्या, जंताची अंडी रोजच पडतात असं नाही.

गोळी पोटातले जंत मारते, पुन्हा होणं थांबवत नाही. सहा महिन्यांनी दुसरी हवी, आणि ऑगस्टमध्ये टोळी आपापल्या गावी असते. म्हणून जाताना आईच्या हातात एक चिठ्ठी द्या: लेकराचं नाव, वय, गोळीची तारीख, अर्धी की पूर्ण, पुढची ऑगस्टमध्ये. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवायला सांगा, आणि गावच्या आशाताईला दाखवायला. पालावरच्यांना चिठ्ठी लागत नाही, ती कुठं जात नाहीत. तिथं ऑगस्टमध्ये काटा घेऊन आपणच जायचं.