संगणक हँग होतो आणि अँटिव्हायरस तीच सूचना पुन्हा देतो? या चुका टाळा

संगणक अडखळू लागला आणि त्याच सुमारास अँटिव्हायरसने एखादी फाइल क्वारंटाइन केल्याची, म्हणजे वेगळी कोंडून ठेवल्याची, सूचना दिली, की बहुतेक जण दोन्ही तक्रारींचे खापर व्हायरसवर फोडून मोकळे होतात. पुढच्या बहुतेक चुका या घाईतूनच निघतात.

सूचना आली की 'रिमूव्ह' दाबायचे आणि कामाला लागायचे, ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहतो. क्वारंटाइनमध्ये गेलेली फाइल चालू शकत नाही. तिच्यापुरते काम झालेले असते. तरीही तीच फाइल पुन्हा पकडली जात असेल, तर ती कोणीतरी पुन्हा तयार करत आहे आणि शोध त्याचा घ्यायला हवा.

तालुक्याच्या गावातील एका डीटीपी व्यावसायिकाचा संगणक ऐन लग्नसराईत माझ्याकडे आला. अँटिव्हायरस बदलून आणि विंडोज नव्याने टाकूनही रोज सकाळी तीच सूचना येत होती. प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसने पकडलेल्या गोष्टींच्या यादीत, फाइलचा मार्ग ॲपडेटातील (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या लपलेल्या फोल्डरमधील) एका फोल्डरचा होता आणि वेळ नेहमी लॉग-इनची होती, म्हणून मी ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारे विंडोजचे टास्क शेड्युलर उघडले. तेथे एखाद्या अपडेटरचे वाटावे असे साळसूद नाव घेतलेला एक टास्क होता आणि तो प्रत्येक लॉग-इनला पॉवरशेल हे विंडोजचे आज्ञा चालवणारे साधन लपून चालवून ती फाइल पुन्हा उतरवून घेत होता. विंडोज नव्याने टाकल्यावरही त्याच पेनड्राइव्हमधला क्रॅक, म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारा प्रोग्राम, चालवला गेला होता, आणि क्रॅकसोबतच्या सूचनांमध्ये आधी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले होते. वॉचमनला सुट्टी द्यायला सांगणाऱ्या पाहुण्याला कोणी घरात घेत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी मात्र लोक हे आनंदाने करतात, याचा मला मनापासून राग येतो.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी फाइलचा मार्ग आणि वेळ लिहून घ्यायची, इंटरनेट तोडायचे, मायक्रोसॉफ्टच्या ऑटोरन्स या मोफत साधनाने आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी तपासायच्या, आणि मग विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवायचे. ते विंडोज सुरू होण्याआधी चालते आणि साधारण १५ मिनिटे घेते. एवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांचा पुढे अख्खा दिवस जातो.

सूचनेचा त्रास नको म्हणून तो फोल्डर एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसने तपासू नयेत अशा गोष्टींच्या यादीत, टाकू नका. काही मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) स्वतःच तेथे आपली नोंद करते, म्हणून ती यादी अधूनमधून पाहावी. एका संगणकावर दोन अँटिव्हायरस ठेवू नका. विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही 'साफ' करण्याचा दावा करणारे रजिस्ट्री क्लीनर तर अजिबात नको.

आता हँग होण्याविषयी. त्या डीटीपी संगणकातून मालवेअर गेले, तरी तो हँग होतच राहिला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर होती. विंडोजच्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाच्या, म्हणजे बॅड ब्लॉकच्या (डिस्कवरील खराब जागेच्या), नोंदी एकामागून एक होत्या. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि व्हायरसच्या भीतीने रोज लावलेले फुल स्कॅन तिच्यावर भार टाकत होते.

अशा वेळी इंटरनेटवर वाचून थेट चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क दुरुस्तीचे साधन चालवणे, ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. खराब सेक्टर (डिस्कचे छोटे भाग) शोधायला लावल्यास ते संपूर्ण डिस्क वाचते, अडलेल्या जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करते, आणि खंगलेली डिस्क त्यातच कायमची बसू शकते. आधी हवी ती माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, त्यातही सर्वांत मोलाची फाइल सर्वांत आधी, आणि मगच दुरुस्तीचा विचार करा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पेंडिंग सेक्टरची, म्हणजे वाचता न आलेल्या संशयित सेक्टरची, संख्या वाढत असल्याचे दिसले, तर मी दुरुस्तीच्या फंदात न पडता डिस्क बदलतो.

संगणक अडकताच पॉवर बटण दाबून धरू नका. कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल, तर थोडे थांबा. दिवाही हलत नसेल, तरच सक्तीने बंद करा.

नवीन डिस्कवर विंडोज टाकताना ती मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्या, आणि विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले असल्याने, संगणक पात्र असेल तर ११ च टाका. ज्या संगणकावर मालवेअर सापडले, त्यावर वापरलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून त्याच दिवशी बदला.