ऑडिओ इंटरफेस पारखताना या चुका टाळा

दोन ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) शेजारी ठेवायचे, एकच गाणं दोन्हींवर वाजवायचं आणि लगेच निकाल द्यायचा: 'हा जास्त मोकळा वाटतो, याचा बेस भरीव आहे.' असं ठरवून पैसे मोजणारे सतत भेटतात. बहुतेक वेळा त्यांनी पारखलेली असते ती फक्त आवाजाची पातळी.

लेव्हल न जुळवता ऐकणं

जरासा वाढलेला आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. एका स्टुडिओत नवा इंटरफेस घ्यायचा होता. सगळ्यांनी महागड्याला कौल दिला. गायिकेचा आवाज पुढे येतो, रिव्हर्ब (आवाजामागची घुमण) शेवटपर्यंत ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्हींवर एकच टोन वाजवून हेडफोन आउटपुटला मल्टिमीटर लावला. स्वस्तातला 1.00 व्होल्ट, महागडा 1.10. म्हणजे सुमारे 0.8 डेसिबलचा फरक! नॉब किंचित मागे घेतला, कोणता चालू आहे ते लपवलं आणि पुन्हा ऐकवलं. मघाशी ठामपणे बोलणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कुणालाच ओळखता येईना.

माझी सवय सांगतो. 100 हर्ट्झचा साइन टोन लावायचा, कारण साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचा राहत नाही. हेडफोन जोडलेला ठेवूनच व्होल्टेज बघायचं आणि फरक 0.1 डेसिबलच्या, म्हणजे साधारण एका टक्क्याच्या आत येईपर्यंत नॉब सोडायचा नाही. मग कोणता इंटरफेस चालू आहे ते न बघता, ओळखण्याच्या 16 फेऱ्या. नुसत्या अंदाजाने त्यातल्या 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते. एवढा धीर नसेल तर निदान इतरांना छातीठोक सल्ला देऊ नका.

लूपबॅकच्या आलेखावर डोळे मिटून विश्वास

आउटपुटची केबल इनपुटला जोडली (हाच लूपबॅक), कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल येतो त्याचा आलेख काढला, झालं? त्यात आउटपुट, केबल आणि इनपुट तिघांचे दोष एकत्र येतात. डायरेक्ट मॉनिटर (इनपुटचा आवाज थेट आउटपुटला देणारी सोय) चालू राहिला तर सिग्नल गोल फिरतो आणि आलेख वेडावाकडा होतो. तो आधी बंद करा. 50 किंवा 60 हर्ट्झला (घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी) आणि त्याच्या पटींवर सुळके दिसले तर इंटरफेसला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा मोजा. शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारे दोन्ही कन्व्हर्टर एकाच क्लॉकवर चालत असल्याने जिटर (क्लॉकच्या ठोक्यांमधली बारीक चूक) या चाचणीत बराचसा लपून राहतो.

बाकीच्या चुका

नॉइजचा ए-वेटेड आकडा (कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सींना कमी वजन देऊन काढलेला) आणि विनावेटेड आकडा शेजारी मांडू नका.

खोक्यावरचं '24 बिट' म्हणजे 144 डेसिबल नव्हे. तेवढी डायनॅमिक रेंज (सर्वात मोठ्या सिग्नलपासून नॉइजपर्यंतचं अंतर) प्रत्यक्षात मिळत नाही.

माइक प्रीअँपचा (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) नॉइज −128 डीबीयू (व्होल्टेजची पातळी मोजायचं डेसिबल माप) की −129, यावरून वाद घालू नका. 150 ओमच्या रेझिस्टरचा स्वतःचा नॉइजच −131च्या आसपास असतो.

सिस्टिमचा सॅम्पल रेट (एका सेकंदात आवाजाची किती मापं घेतली ते) फाइलशी जुळवा, नाहीतर रीसॅम्पलिंग ऐकत बसाल.

आणि हेडफोन आउटपुटचा इम्पिडन्स (ओममध्ये मोजला जाणारा त्याचा स्वतःचा विरोध) बघाच. लोड न लावता काढलेला आलेख सरळ रेषेत दिसतो, पण 30 ओमच्या आउटपुटला अनेक ड्रायव्हरचे (आत अनेक छोटे स्पीकर असलेले) इन-इअर हेडफोन जोडले की त्यांचा टोनच बदलू शकतो. हा फरक खरा आहे आणि कानाला कळतोही. तो मोजायचा तर तेच इन-इअर जोडून, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज किती पडतं ते बघा.