यूएसबी ३.० ची डिस्क २.० च्या स्पीडनं चालतीय? मग हे सेटिंग बघा

लगीनसराई असो नाहीतर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक, सोलापुरातल्या शूटिंगवाल्या पोरांची तक्रार एकच, डिस्क नवीन आहे, डब्यावर ३.० छापलंय तरी कॉपी ३५ एमबीच्या वर जात नाही. हा ३५ चा आकडाच सगळं सांगतो बघा. यूएसबी २.० ची लाईन ४८० मेगाबिटची, हातात सेकंदाला ३०-४० एमबी पडतात, म्हणजे डिस्क २.० वरच जोडली गेलीय. ३.० ला ५ गिगाबिट मिळतात, तिथं साधी हार्ड डिस्कसुद्धा १०० च्या पुढं जाते आणि चांगली एसएसडी ४०० च्या. ६४ जीबी उतरवायला अर्धा तास लागतो की नऊ-दहा मिनिटं, एवढा फरक आहे.

ड्रायव्हरला, म्हणजे पोर्ट आणि डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हात लावायच्या आधी केबल बदलून बघा. मोबाईल चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच टाईप-सी केबलींत आत २.० च्याच वायरी असतात, त्यावर काहीही सेट करा, स्पीड येणार नाही. डेस्कटॉप असेल तर डिस्क मागच्या पोर्टला लावा आणि पिन झटक्यात आत घाला, हळू सरकवली तर कधीकधी २.० चे पॉइंट आधी टेकतात आणि डिस्क तिथंच अडकते.

आता विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा. युनिव्हर्सल सिरीयल बस कंट्रोलर्सच्या खाली एक्सटेन्सिबल होस्ट कंट्रोलर, म्हणजे ३.० चे पोर्ट चालवणारा कंट्रोलर, दिसला पाहिजे. विंडोज ८ पासून त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो, ७ मध्ये येत नाही, त्यामुळं जुन्या मशीनवर मदरबोर्ड कंपनीच्या साईटवरूनच घ्यायचा. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर अजिबात टाकू नका, कळकळीनं सांगतोय. कंट्रोलरचं नाव दिसतच नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएचसीआय, म्हणजे हाच कंट्रोलर, डिसेबल आहे का बघा, जुन्या इंटेल बोर्डांवर हे सापडतं, तेवढं एनेबल केलं की काम होतं.

एसएसडीवाल्यांनी स्टोरेज कंट्रोलर्समध्ये पण बघा, तिथं यूएएस मास स्टोरेज डिव्हाइस असं नाव आलं तर उत्तम, हा ड्रायव्हर एकावेळी बऱ्याच कमांड रांगेत घेतो. नसेल तर एसएसडी ज्या केसमध्ये (बाहेरच्या डबीत) बसवलीय तिच्यातली चिप ते सपोर्ट करत नसेल, मग केसच बदलायला लागते.

मग डिस्क ड्राइव्ह्ज, तुमची डिस्क, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून इथं क्विक रिमूव्हल आपोआप असतं, ते बेटर परफॉर्मन्स करा आणि राइट कॅशिंगची (डेटा आधी मेमरीत ठेवून मग डिस्कवर लिहायची) टिक लावा. त्याखालची बफर फ्लशिंग बंद करायची टिक मात्र लावू नका. कॅशिंग चालू असताना लाईट गेली किंवा डिस्क तशीच उपटली तर अर्धवट लिहिलेल्या फाईली जातात, आणि लोकांच्या लग्नाचं शूट परत काढता येत नाही, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे सेटिंग बदलू नका, क्विक रिमूव्हलच बरं. काढताना सेफली रिमूव्ह करायचंच.

कॉपी मध्येच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या त्याच यूएसबीच्या यादीतल्या रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटमधली पॉवर वाचवायची टिक काढा.

टेस्टिंग एका मोठ्या व्हिडिओ फाईलवर करा, हजारो छोटे फोटो टाकले तर स्पीड कमीच दिसणार. आणि एसएसडी सुरुवातीला पळून नंतर मंदावत असेल तर हात लावून बघा, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर असतो, तापली की ती स्वतःच स्पीड कमी करते, तिला पंख्याखाली ठेवा.