पेटीबरोबर कीबोर्ड वाजवताना सूर आणि टच कसा जुळवायचा

भजनात किंवा सुगम गायनाच्या कार्यक्रमात पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजू लागले की कधी कधी कानाला खटकतं, आणि दोन्ही वाद्यांत बिघाड काहीच नसतो. कीबोर्ड येतो तोच ४४० हर्ट्झला लावलेला. म्हणजे मध्य सप्तकातली पांढरी सहा (सप्तकातला सहावा पांढरा सूर, इंग्रजीत A) सेकंदाला ४४० कंपनं देते. पेटी मात्र कारागिराने लावली तिथेच राहते. तिचा सूर बदलायचा तर रीड (हवेने वाजणारी आतली धातूची पात) घासावी लागते, ते ऐनवेळी शक्य नाही. तबला हातोडीने लावता येतो. म्हणून जुळवून घ्यायचं कीबोर्डनेच.

आधी ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं सेटिंग, शून्यावर आणा. रिव्हर्ब (घुमणारा आवाज) आणि कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) बंद करा. आवाज साध्या ऑर्गनचा किंवा बासरीचा निवडा, पण कंप नसलेला. पियानोचा सूर विरत जातो, त्यावर कान ठरत नाही. पेटीवाल्यांना एकच स्टॉप (रीडकडे हवा सोडणारी खुंटी) उघडायला सांगा, कारण दोन रीड एकदम वाजल्या तर त्यांच्यातलाच फरक ऐकू येतो. भाताही एकसारखा हवा.

आता दोघांनी पांढरी सहा धरून ठेवा, एकाच सप्तकातली. सूर जुळत नसतील तर आवाज लाटांसारखा कमी-जास्त होताना ऐकू येईल. मध्य सप्तकात सेकंदाला दोन लाटा आल्या तर फरक २ हर्ट्झचा. फंक्शन किंवा सेटिंगमध्ये ‘ट्यूनिंग’ शोधा आणि आकडा ४४१ करा. लाटा मंदावल्या तर दिशा बरोबर आहे, वाढल्या तर पेटी उतरी आहे, खाली या. लाट इतकी लांबली की मोजता येत नाही, तिथे थांबा. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या अनेक मॉडेलांवर ४२७ ते ४५३ हर्ट्झपर्यंत जाता येतं. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांतलं अंतर), आणि ट्रान्सपोज जोडीला असल्यावर तेवढं पुरतं.

एका सुरावर विसंबू नका. जुन्या पेटीच्या सगळ्या रीड सारख्या राहिलेल्या नसतात. गायकाच्या पट्टीतले, म्हणजे तो ज्या सुराला सा मानून गातो त्या पट्टीतले, सा, म आणि प तपासा. तिघे एकदम जुळत नसतील तर सा सांभाळा.

ट्रान्सपोज यानंतर. गायकाची पट्टी काळी दोन आणि तुमचा हात पांढरी एकवर बसलेला असेल तर +३ ठेवा. काही कीबोर्ड बंद करताच पुन्हा ४४०वर जातात, तेव्हा एकदा बंद-चालू करून खात्री करा आणि आकडा लिहून ठेवा.

टचकडे, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा करणाऱ्या सेटिंगकडे, मात्र बरेच जण बघतच नाहीत, आणि मग ‘कीबोर्ड दबतोय’ म्हणून आवाज वाढवत राहतात. टच असलेल्या कीबोर्डवर साधारणपणे बोटाने दाबायच्या प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पट्टी दाबताना पहिला आणि दुसरा जुळायला किती वेळ लागला, त्यावरून तुमचा जोर ठरतो. मिडीमध्ये (इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संकेतभाषेत) तो १ ते १२७ असा मोजला जातो. टचच्या सॉफ्ट, मीडियम, हार्ड या पर्यायांपैकी ‘सॉफ्ट’ म्हणजे हळू आवाज, असा समज सर्रास दिसतो. खरं तर सॉफ्टमध्ये हलक्या बोटालाही मोठा आवाज येतो, आणि ‘हार्ड’मध्ये तेवढ्याच आवाजाला जोर लावावा लागतो.

मीडियमवर सुरुवात करा आणि करंगळी-अनामिकेने सरगम वाजवा. त्या बोटांचे सूर गळत असतील तर सॉफ्ट घ्या; प्रत्येक सूर आदळल्यासारखा येत असेल तर हार्ड. शिकणाऱ्या मुलांना मीडियमवरच ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण सॉफ्टची सवय लागली की बोटांत ताकद येत नाही.

पेटीचा किंवा ऑर्गनचा आवाज घेतलात तर टच बंद किंवा ‘फिक्स्ड’ ठेवा. पेटीत जोर भात्याचा असतो, बोटाचा नव्हे. टच चालू राहिला तर एक सूर मोठा, एक बारीक असा तुटक आलाप निघतो. पियानो किंवा संतूरवर परत जाताना तो पुन्हा चालू करायला विसरू नका. कीबोर्डला रजिस्ट्रेशन मेमरी (सेटिंग एका बटणावर साठवण्याची सोय) असेल आणि तिच्यात टचही साठवला जात असेल तर दोन्ही मांडण्या वेगवेगळ्या बटणांवर ठेवा, म्हणजे गाणं चालू असताना मेनूत शिरावं लागणार नाही.